ताटाचा हिशेब आणि पिप्याचा हिशेब



आजचा विषय आहे मोबाइलवर कॅलरी मोजून वजन कमी करण्याची अ‍ॅप्स. विषय ऐकून काही जणांच्या कपाळाला आठी पडली असेल. साहजिक आहे. नीती आयोगानं २०१८ साली आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तिच्यात महाराष्ट्रातले चार जिल्हे होते : नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि आपलं वाशीम. आरोग्य आणि पोषण हा त्या यादीतला एक मोठा निकष. मग पोषण कमी पडतं म्हणून ज्या जिल्ह्याकडे सरकार लक्ष देतं, तिथं खाणं कमी करायच्या अ‍ॅपची चर्चा कशाला?

तर त्याच कारणासाठी. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी १८.७ टक्के बाया गरजेपेक्षा बारीक निघाल्या आणि २४ टक्के बाया गरजेपेक्षा जाड. दोन्ही आकडे एकाच देशाचे, पुष्कळदा एकाच गल्लीतले, कधी कधी तर एकाच चुलीवर जेवणाऱ्यांचे. वावरात सोयाबीन सोंगून आलेली सून आणि दिवसभर दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला तिचा दीर एकाच कढईतली भाजी खातात. त्या घरात एक अ‍ॅप आलं, तर ते कोणाला काय सांगेल? आपला आजचा प्रश्न एवढाच आहे.

आधीच सांगून टाकतो, आम्ही इथे आहारतज्ज्ञ म्हणून उभे नाही. एखादं पुस्तक हातात घेतल्यावर आपण विचारतो ना, की हे कोणी लिहिलं, कोणासाठी लिहिलं, यात काय गृहीत धरलंय आणि काय गाळलंय? तसंच आज अ‍ॅप वाचायचं आहे. ते चांगलं की वाईट हा निकाल शेवटी लागेल किंवा लागणारही नाही. पण ते नीट वाचलं, तर आपल्या घराबद्दल काही कळेल असं आम्हाला वाटतं.

आधी ते काय करतं ते बघू. अ‍ॅप उघडलं की ते वय, उंची, वजन विचारतं. किती किलो उतरवायचे, किती आठवड्यांत, हे विचारतं. मग एक आकडा देतं. समजा, रोज १,५०० कॅलरी. आता सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत जे जे तोंडात गेलं ते त्यात लिहायचं. आकडा खाली खाली येतो, शून्याच्या खाली गेला की लाल होतो. अडत दुकानातल्या मंडळींना हे नवं नाही. हा रोजमेळ आहे. फरक एवढाच, की इथे खातं आपल्या शरीराचं आहे.

आणि रोजमेळाचा जो फायदा असतो, तो इथेही आहे, हे मोकळ्या मनानं मान्य करू. आपण दिवसभरात किती खाल्लं हे माणसाला खरोखर आठवत नाही. १९९२ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 'आम्ही कमी खातो तरी वजन उतरत नाही' अशी तक्रार असलेली दहा माणसं त्यात होती. त्यांचं खरं खाणं शास्त्रीय पद्धतीनं मोजलं. त्यांनी आपलं खाणं सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं. ती माणसं खोटारडी नव्हती. पाच चहांतली साखर, येता-जाता तोंडात टाकलेले शेंगदाणे, कोणाकडे तरी घेतलेली कचोरी यांना आपण जेवण म्हणतच नाही, मग ते आठवणार कसं? अ‍ॅप ते लिहायला लावतं. 'दिवसाला पाच चहा म्हणजे दहा चमचे साखर' हे एकदा डोळ्यांनी दिसलं की पुष्कळांचा एक-दोन चहा कमी होतो. हे काम लहान नाही.

आता मोजमापाकडे वळू. कॅलरी ही काही आपल्या स्वयंपाकघरात जन्मलेली गोष्ट नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं माणसाला बंद खोलीत ठेवून त्याच्या शरीरातून निघणारी उष्णता मोजली. एक ग्रॅम प्रथिनाच्या चार कॅलरी, पिष्टाच्या चार, स्निग्धाच्या नऊ, हे ढोबळ आकडे त्याच्या कामातून आले. आजही पाकिटावर आणि अ‍ॅपमध्ये तेच चालतात. तिथून पुढे १९१८ साली लुलू हंट पीटर्स या लॉस एंजेलिसच्या डॉक्टरीणबाईंनी एक पुस्तक लिहिलं आणि वाचकांना सांगितलं, की पावाचा तुकडा म्हणू नका, शंभर कॅलरीचा पाव म्हणा. ते पुस्तक तुफान खपलं. आजची सगळी अ‍ॅप्स ही त्या पुस्तकाची नातवंडं आहेत.

पण महाराष्ट्रात कॅलरी वेगळ्या दारानं आली, आणि ते दार आपण विसरलो आहोत. ते आहे पुण्याच्या गोखले संस्थेचं. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 'भारतातील दारिद्र्य' हा अभ्यास मांडला. गरीब कोणाला म्हणायचं, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी माणशी रोज २,२५० कॅलरी ही कसोटी धरली आणि एवढं अन्न पोटात जाण्यासाठी घराचा खर्च किती असावा लागतो ते काढलं. त्या खर्चाच्या खाली जे, ते गरीब. पुढे १९७९ साली नियोजन आयोगाच्या कृतिदलानं खेड्यासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० कॅलरी हे आकडे धरले. दारिद्र्यरेषा, पिवळं कार्ड, केशरी कार्ड हे शब्द आपण रोज वापरतो. त्या रेषेच्या मुळाशी कॅलरी होती. पुढे २००९ साली सुरेश तेंडुलकर समितीनं दारिद्र्यरेषेची थेट कॅलरीशी बांधलेली गाठ सोडली.

म्हणजे बघा, आपल्याकडे कॅलरी आधी उपाशी माणूस मोजायला आली. आता तीच जास्त जेवलेला माणूस मोजते. आणि या दोन मोजण्या एकाच माणसाच्या आयुष्यात कशा भेटतात, याचं एक उदाहरण आहे. २०११ साली नियोजन आयोगानं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की शहरात रोज ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये खर्च करू शकणारा माणूस गरीब नाही. त्यावरून देशभर गदारोळ झाला. तेव्हा तुषार वशिष्ठ आणि मॅट चेरियन या दोन शिकल्यासवरल्या तरुणांनी आधी रोज शंभर रुपयांत, मग केरळातल्या करुकाचाल गावी ३२ रुपयांत राहून पाहिलं. काय खायचं, त्यातून किती शक्ती मिळते, याचा हिशेब त्यांना दिवसभर करावा लागायचा. यातले तुषार वशिष्ठ हे पुढच्याच वर्षी, २०१२ साली, सुरू झालेल्या 'हेल्दीफायमी' या अ‍ॅपचे एक संस्थापक. भारतातलं हे कॅलरी मोजण्याचं फार मोठं अ‍ॅप. यात आम्ही कोणाला टोमणा मारत नाही. मोजण्याचं साधन एकच असतं, पण ते कोणाच्या हातात आहे आणि कोणाकडे रोखलेलं आहे यावर त्याचा अर्थ ठरतो, एवढंच सांगायचं आहे.

या दोन मोजण्यांत एक मोठा फरक आहे. दारिद्र्याची पाहणी करणारा माणूस घरात येऊन विचारायचा : महिन्याला ज्वारी किती, गहू किती, डाळ किती, तेल किती? मग त्याला घरातल्या माणसांनी भागायचा. त्याला घर दिसायचं, ताट दिसायचं नाही. घरात सगळ्यांना जेवू घालून मागाहून उरलंसुरलं खाणारी बाई त्या सरासरीत हरवून जायची. अ‍ॅपचं उलट आहे. त्याला ताट दिसतं, घर दिसत नाही. त्याच्या दृष्टीनं जेवणारा माणूस एकटा आहे, आपलं अन्न आपण निवडतो, आपण वाढून घेतो आणि नको असेल तर नको म्हणतो.

आता वाशीमच्या, रिसोडच्या, मानोऱ्याच्या कोणत्याही घरात बघा. असा माणूस सापडतो का? भाजी एका कढईत होते. फोडणीला तेल किती, हे जी बाई रांधते ती ठरवते, आणि तेही ती एकटी ठरवत नाही. सासऱ्याला तर्री लागते, पोरांना कोरडी भाजी उतरत नाही, पाहुणा आला तर वरणावर तेल-तिखट दिसलं पाहिजे. ताट वाढून समोर येतं. अशा ताटातल्या वांग्याच्या भाजीत तेल किती, हे खाणाऱ्यानं अ‍ॅपला सांगायचं कसं? तो लिहितो, 'वांग्याची भाजी, एक वाटी'. अ‍ॅप एक आकडा देतं. तो आकडा कुठल्या तरी सरासरी वांग्याच्या भाजीचा असतो, त्याच्या घरच्या वांग्याचा नसतो. पाच ग्रॅम तेल म्हणजे ४५ कॅलरी. वाटीत पळीभर तेल जास्त असलं की सगळा हिशेब कोलमडला.

भाकरीचंही तेच. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ३४० कॅलरी धरा. आता भाकर किती पिठाची? शहरातली पातळ भाकर ६० ग्रॅमची, तिच्या सुमारे २००. आपल्याकडे वावरात फडक्यात बांधून नेलेली भाकर ११० ग्रॅमची असली, तर तिच्या सुमारे ३७०. दोन्हींचं नाव 'एक भाकरी'. बरं, वजनकाटा घेऊन बसायचं म्हटलं, तर तो कुठे ठेवायचा? परातीजवळ की ताटाजवळ? ताटाजवळ ठेवला, तर जेवायला बसलेल्यांत एकट्यानं आपली भाकर तोलायची. हे करून बघा म्हणावं एकदा सासुरवाडीत!

आणि गंमत अशी, की ज्या पदार्थाचा हिशेब अ‍ॅपला सगळ्यात नेमका येतो, तो पदार्थ म्हणजे बिस्किटाचा पुडा. त्यावर पट्ट्यापट्ट्यांचा बारकोड असतो. मोबाइल समोर धरला की आकडा हजर. भरीत, पिठलं, ठेचा, तुरीच्या डाळीचं वरण, रोडगे यांच्यावर बारकोड नाही. म्हणजे घरचं खाणं लिहायला कटकट आणि पाकिटातलं लिहायला सोपं. हिशेब स्वच्छ ठेवायचा असेल, तर माणूस हळूहळू कुठे वळेल? २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी वीस माणसांना दोन आठवडे कारखान्यातलं प्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं रांधलेलं अन्न दिलं. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांतल्या कॅलरी सारख्या होत्या, खा वाटेल तेवढं अशी मुभा होती. प्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. तर, नेमकं मोजता येतं ते खाणं आवरतं असं नाही. इथे तर जे मोजायला सोपं, तेच खायला जास्त जातं. अ‍ॅप कोणाला बिस्किटं खा म्हणत नाही. पण वही जशी आखलेली असते, तसं माणूस लिहितो, आणि कालांतरानं तसंच वागतोही.

आता त्या रोजच्या आकड्याकडे येऊ. आज १,५००, उद्या १,५००, परवा १,५००. या ठरीव आकड्याला आक्षेप घेणारा एक मोठा माणूस आपल्यातच होऊन गेला. पां. वा. सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. संख्याशास्त्रज्ञ. १९५१ पासून जवळजवळ वीस वर्षं ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख होते. त्यांचं म्हणणं असं, की निरोगी माणसाची अन्नाची गरज एका आकड्यावर खिळलेली नसते. तोच माणूस, तेच काम, तरी त्याचं खाणं आणि त्याचा खर्च दिवसागणिक, आठवड्यागणिक हलत राहतो, आणि शरीर काही मर्यादेत स्वतःला जुळवून घेतं. म्हणून सरासरीपेक्षा खाली खाणारा प्रत्येक जण कुपोषित धरू नका. दांडेकरांना हे पटलं नाही. दोघांचा वाद इंग्रजी नियतकालिकांतून वर्षानुवर्षं गाजला. सुखात्म्यांच्या मांडणीतला धोका असा, की ती उचलून कोणी म्हणेल, 'गरिबाला कमी अन्न चालतं, त्याचं शरीर जुळवून घेतं.' ही भीती खोटी नव्हती, आणि गरिबांच्या बाबतीत आम्ही दांडेकरांच्या बाजूनं उभे राहू.

पण पोट भरलेल्या माणसाच्या वजनाच्या बाबतीत सुखात्म्यांचं बोट नेमक्या जागी आहे. अ‍ॅपचं गणित असं : एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. रोज ५५० कमी खाल्ल्या की चौदा दिवसांत एक किलो गेला, अठ्ठावीस दिवसांत दोन. पहिला महिना ते जमतंही. पुढे शरीर खर्च आवरतं घेतं, हलकं झालेलं अंग चालवायला शक्तीही कमी लागते, आणि काटा थांबतो. गणित सरळ रेषेत चालतं, शरीर चालत नाही. काटा थांबला की माणसाला वाटतं आपलंच चुकतंय. तो अजून कमी खातो, मग एका तेरवीच्या पंगतीत सगळं सोडून देतो, आणि अ‍ॅप काढून टाकतो. ज्या माणसाला सांगायला हवं होतं की हे होणारच होतं, त्याला आपण अपराधी करून घरी पाठवतो.

त्यात शेताची लय आणखी वेगळी. ज्या बाईनं ऑक्टोबरात सोयाबीन सोंगलं, नंतर तूर आणि कापूस पाहिला, आणि एप्रिल-मेच्या उन्हात घरात बसली, तिचा खर्च वर्षभर सारखा कसा असेल? अ‍ॅप एकदाच विचारतं : बैठं काम, मध्यम काम की कष्टाचं काम? ती तिन्ही आहे. महिना कोणता ते सांगा.

वजनाच्या आकड्याबद्दल पुण्याचीच आणखी एक गोष्ट सांगायची आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला. उंची आणि वजनावरून काढायचा शरीरभार निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. मग शरीरातली चरबी यंत्रानं मोजली. युडकिन यांची ९.१ टक्के. याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, पण आतून चरबी जास्त, अशी आपली ठेवण असू शकते, आणि तिचा मधुमेहाशी संबंध आहे, हे याज्ञिकांनी आयुष्यभर दाखवलं. त्यांच्या अभ्यासाचा मोठा भाग पुण्याजवळच्या खेड्यांतला आहे. आईच्या पोटात असताना पोषण कमी मिळालेलं मूल पुढे अशी ठेवण घेऊन वाढू शकतं, असं त्यांचं सांगणं.

याचा अ‍ॅपशी संबंध काय? अ‍ॅप उंची-वजन घेऊन म्हणतं, तुम्ही ठीक आहात. आणि पोटाचा घेर वाढलेला, हातपाय काडीसारखे असलेला आपला माणूस निर्धास्त होतो. भूक आणि जाडी ही दोन वेगळी गावं आहेत असं आपण समजत होतो. याज्ञिक सांगतात, त्यांच्यात एक पांदण आहे, आणि ती आईच्या ताटावरून जाते.

मग अ‍ॅप नको, तर काय? महाराष्ट्रानं याचं एक उत्तर आधीच देऊन पाहिलं आहे. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची कल्पना घेऊन लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ती गावोगावी नेली. दिवसातून दोनदा जेवा, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवा, मधे काही नको. त्यावर ऋजुता दिवेकरांच्या चाहत्यांचा आणि दीक्षितांच्या चाहत्यांचा वाद किती रंगला, ते आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. कोणाचं शास्त्र बरोबर, हा आजचा विषय नाही, आणि मधुमेहाची औषधं चालू असलेल्यांनी, गरोदर बायांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं काही करूच नये. पण एक समीक्षक म्हणून विचारा, की हे खेड्यापाड्यांत पसरलं कसं? कारण त्याला वजनकाटा लागत नाही, इंटरनेट लागत नाही, घरच्या कढईला हात लावावा लागत नाही. फक्त भिंतीवरचं घड्याळ लागतं. 'मी दोनदाच जेवतो' हे वाक्य पाहुणचारातही चालतं, आपल्याकडे उपासाची सवय आहेच. 'माझ्या आज १८० कॅलरी उरल्या आहेत' हे वाक्य पंगतीत चालत नाही.

पण घड्याळाचीही तीच मर्यादा आहे. तेही एकट्या माणसाचं आहे. कढईत काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि आमचं म्हणणं असं आहे, की आपल्या घरातला प्रश्न कढईजवळच सुटेल.

आपली जुनी मापं आठवा. 'माणशी मूठभर तांदूळ, वर एक मूठ घराची.' पसा, ओंजळ, पळी, मापटं. ही सगळी मापं रांधतानाची आहेत. खाताना मोजणं आपल्याकडे अशुभ मानलं, 'घास मोजू नये' म्हणतात. म्हणजे मोजण्याची सवय आपल्याला होती, फक्त ती चुलीपाशी होती. अ‍ॅपनं ती उचलून ताटापाशी आणली, आणि तिथे ती रुजत नाही.

तर मोजणं परत चुलीपाशी नेऊ. काय मोजायचं? सगळं नको. एकच गोष्ट घेऊ, तेल. का तेल? एक तर सगळ्यात जास्त कॅलरी त्याच्यात, ग्रॅमला नऊ. दुसरं म्हणजे आपल्या जिल्ह्याचा गेल्या काही दशकांचा बदल त्यात दिसतो. वावरातून ज्वारी हटली, सोयाबीन आलं. ताटातून भाकर कमी झाली, रेशनच्या गव्हाची पोळी आली. भाकरीला तेल लागत नाही, पोळीला लागतं. सोयाबीन बाजारात विकायचं आणि तेलाचा पिपा बाजारातून आणायचा.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यांच्या २,००० कॅलरींच्या नमुना ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आहे. आता पाच माणसांचं घर धरा. दिवसाला १३५ ग्रॅम. १५ किलोचा पिपा किती दिवस जावा? भागाकार करा : १११ दिवस. साडेतीन महिने आणि वर काही दिवस. आता घरी जाऊन विचारा, आपला पिपा किती दिवस जातो. दोन महिन्यांत संपत असेल, तर दिवसाला २५० ग्रॅम, माणशी ५०. म्हणजे माणशी २३ ग्रॅम जास्त, सुमारे २०० कॅलरी, रोज, प्रत्येकाच्या पोटात, कोणीही एक घास जास्त न खाता.

हे करायला काय लागतं? पिपा फोडला त्या दिवशी त्यावर खडूनं तारीख लिहायची. बस. संपला की दिवस मोजायचे. पुढचा पिपा आठ दिवस जास्त पुरवायचा. तेलाच्या बरणीतली पळी बदलून लहान पळी ठेवली तरी फरक पडतो. फेब्रुवारी २०२५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी महिन्याचं तेल दहा टक्के कमी आणा असं आवाहन केलं, तेव्हा त्यांनीही बोट खरेदीवरच ठेवलं होतं. पण एक दुरुस्ती आपण करू. दहा टक्के सगळ्यांनी नाही. ज्या घरात महिन्याला पाच माणसांत दोन किलो तेल येतं, तिथे कमी करायचं काही नाही. तिथे कदाचित वाढवायला हवं. पिपा मोजला की हेही कळतं, आणि अ‍ॅपला हे कधीच कळलं नसतं. दांडेकर-रथांची घर मोजण्याची रीत इथे कामाला येते.

पिप्याच्या हिशेबाची मर्यादा काय? तोही सरासरीच देतो. चौकातली कचोरी आणि आलुबोंडा त्यात येत नाही. सणावाराचं तळण एका आठवड्यात पिपा खाली आणतं. आणि घरात कोणी किती खाल्लं, ते तो सांगत नाही. म्हणून दुसरं एक काम त्याच्यासोबत करायचं आहे, आणि ते पुरुषांना उद्देशून सांगतो. तेल कमी करण्याचा सगळा भार रांधणाऱ्या बाईवर टाकू नका. भाजी फिकी झाली की बोलणी तिला बसतात. घरातल्या मोठ्यानं पंगतीत बसून 'आजपासून तर्री कमी' असं आपल्या तोंडानं म्हणावं, आणि पहिले पंधरा दिवस भाजीला नाव ठेवू नये. आणि ती सगळ्यांबरोबर ताटावर बसते की मागून उरलंसुरलं खाते, हेही बघावं. जाडी कमी करण्याच्या नावाखाली तिचीच डाळ कमी झाली, तर याज्ञिकांनी सांगितलेली गोष्ट आपण पुढच्या पिढीत पुन्हा लिहू.

मग अ‍ॅपचं काय? ज्याला वापरायचं त्यानं जरूर वापरावं. एकटा राहणारा, स्वतः रांधणारा, पुण्या-मुंबईत खोली करून असलेला आपला पोरगा असेल, तर त्याच्या हातात ताटही आहे आणि कढईही. त्याला अ‍ॅपचा उपयोग होईल. घरात राहणाऱ्यानं महिनाभर वापरावं, आपल्या चहा-साखरेचा, चौकातल्या खाण्याचा अंदाज घ्यावा आणि बंद करावं. दिवसरात्र आकड्याचाच विचार येऊ लागला, जेवताना धास्ती वाटू लागली, तर लगेच बंद करावं आणि कोणाशी तरी बोलावं. विशेषतः वाढत्या वयाच्या मुलींच्या हातात हे अ‍ॅप दिसलं, तर घरच्यांनी विचारावं, रागावू नये.

वेळ होत आला, प्रश्न आहेत ते घेऊ. त्याआधी एक विनंती. ज्यांच्या घरी या आठवड्यात नवा पिपा फुटणार आहे, त्यांनी तारीख लिहा. पुढच्या वेळी भेटू तेव्हा कोणाचं वजन किती उतरलं हे आम्ही विचारणार नाही. पिपा किती दिवस गेला आणि घरात माणसं किती, एवढंच विचारू.